रस्त्याकडेचे दगड कोणाची नावे सांगतात? शिरूर-दौंडच्या वाटेवरचे वाचन



दौंड तालुक्यातल्या एका वस्तीतल्या मुलांनी वर्गणी काढून रस्त्याच्या कडेला मोठा फ्लेक्स लावला. मधे जयस्तंभ, वर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापले, हे स्तंभावर कोरलेले आहे. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका शिक्षकाने त्यांना थांबवून विचारले, "स्तंभाच्या कोणत्या बाजूला कोरलंय रे हे?" मुलांना सांगता येईना. त्यातली तिघे दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्यावर जाऊन मानवंदना देऊन येतात. स्तंभासमोरचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. स्तंभावरचा मजकूर मात्र कोणीच वाचलेला नव्हता.

मुले आमच्याकडे आली ती चिडून. "तो आपल्याला खोटं पाडतोय," असे त्यांचे म्हणणे. आम्ही दोन्ही तालुक्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, अभ्यासिका अशी कामे करणारी पाच-सहा माणसे. खरे सांगायचे तर त्या शिक्षकाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यातल्याही दोघांना देता आले नसते. म्हणून पुढचे काही रविवार आम्ही मुलामुलींना घेऊन रस्त्याकडेचे स्तंभ, थडगी, समाध्या आणि फलक वाचत फिरलो. त्या फिरण्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

आधी एक साधी गोष्ट. कोणताही स्मारक-दगड आपोआप उगवत नाही. कोणीतरी पैसे दिलेले असतात, कोणीतरी मजकूर ठरवलेला असतो, कोणाची तरी जमीन वापरलेली असते. समाजशास्त्रात याला सामूहिक स्मृती म्हणतात. फ्रेंच अभ्यासक मोरिस हाल्बवाक्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे मांडले की माणूस एकटा आठवत नाही, गट आठवतो, आणि गट ज्या चौकटीत आठवतो ती चौकट समाज घडवतो. पुस्तकातले हे वाक्य परीक्षेपुरते आम्हीही पाठ केले होते. ते कळले शिरूरला.

शिरूरची छावणी आणि 'सत्पुरुष'

कोरेगावची गोष्ट बहुतेक जण कोरेगावपासून सांगतात. ती शिरूरपासून सुरू करायला हवी. डिसेंबर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली. तिची छावणी पडली घोड नदीच्या काठी, शिरूरला. जुनी माणसे आजही शिरूरला घोडनदी म्हणतात. या फौजेचा एक सेनापती कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. त्याचे थडगे तिथे आहे आणि त्याची गंमत अशी की गावकऱ्यांनी त्याला 'सत्पुरुष' ठरवले. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की सुगीच्या वेळी आसपासचे लोक या गोऱ्या साहेबाच्या थडग्याला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत.

आमच्याबरोबरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे दगड बांधला एकाने आणि अर्थ लावला दुसऱ्याने." अगदी बरोबर. दगड उभारणाऱ्याचा अर्थ त्याच्याबरोबर जातो, मागे राहिलेले लोक आपल्या गरजेप्रमाणे त्याला नवा अर्थ देतात. जयस्तंभाचे नेमके हेच झाले आहे. फरक इतकाच की इथे नवा अर्थ श्रद्धेतून आला नाही, तो हक्काच्या मागणीतून आला.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन पुण्याकडे निघाला. पुणे तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते, कारण ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन बाजीराव पुणे सोडून गेला होता. आता तो परत फिरतो आहे अशा बातमीने पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुमक मागवली होती. स्टाँटनबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, घोडेस्वार आणि दोन तोफा घेतलेले मद्रास तोफखान्याचे गोलंदाज होते. एकूण ८३४ माणसे. रात्रभर चालून सकाळी ती तळेगाव ढमढेरेच्या बाजूच्या उंचवट्यावर आली तेव्हा भीमेपलीकडे पेशव्यांचे सैन्य दिसले. ते सुमारे २८,००० होते, त्यातले २०,००० घोडदळ. स्टाँटनने कोरेगाव गावात शिरून मातीच्या भिंतींचा आडोसा घेतला. पेशव्यांकडून प्रत्यक्ष गावात शिरून हल्ला करणारी माणसे साधारण २,००० होती, आणि त्यांत अरब, गोसावी आणि मराठा पायदळ होते. दिवसभर लढाई झाली. आत अडकलेल्यांना अन्न नव्हते, पाण्याची वाट तुटली होती. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ झाले. जनरल स्मिथची फौज पाठीवर येते आहे या धास्तीने पेशव्यांचे सैन्य रात्री हटले. स्टाँटनही पुण्याला गेला नाही, २ जानेवारीच्या रात्री जखमींना घेऊन तो शिरूरला परतला.

हे आकडे वाचताना मुलांचे चेहरे थोडे उतरले. एकाने विचारलेच, "मग आपण हरलो का?" नाही. पण फ्लेक्सवरचा मजकूर चुकला. ५०० हा पलटणीचा आकडा आहे, ती पलटण मिश्र होती. समोरचे २८,००० सगळे एकाच वेळी लढले नव्हते आणि ते 'पेशवे' तर मुळीच नव्हते, पेशवा एकच होता. पेशव्यांची सत्ता संपली ती याच युद्धात, जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा. कोरेगाव हा त्या शेवटाचा एक टप्पा. एवढे नीट सांगितले तर कोणत्याही शिक्षकासमोर मान खाली घालायची वेळ येत नाही.

दगडावर काय आहे

लढाई झाली ते कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे आणि स्तंभ आहे नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. मजकूर इंग्रजीत आणि मराठीत आहे. तो स्टाँटनच्या तुकडीच्या शौर्याचा गौरव करतो आणि पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याचा तो अभिमानाचा विजय असल्याचे सांगतो. म्हणजे बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा साम्राज्याचा दगड आहे. त्यात अस्पृश्यता नाही, स्वाभिमान नाही, समता नाही.

पण त्यात नावे आहेत. मेलेल्या ४९ जणांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतली २२ नावे 'नाक' ने संपतात. सोमनाक, रामनाक, भागनाक, गणनाक. महारांच्या नावाला हा 'नाक' लागत असे, तो 'नायक' वरून आला असे अनेक अभ्यासक मानतात. उरलेल्यांत मराठा आहेत, राजपूत आहेत, मुस्लिम आहेत. आपण त्यांची नावे झाकून ठेवायची गरज नाही. मुलांनी मोबाईलवर मोठे करून ही नावे एकेक वाचली, मोठ्याने. मध्येच एक मुलगा थबकला. त्याच्या पणजोबांचे नाव जुन्या दाखल्यावर असेच 'नाक' लावून लिहिलेले होते आणि ती कारकुनाची चूक असावी असे घरात सगळे समजत होते.

त्या काळात, जेव्हा महाराची सावली पडली तरी विटाळ मानला जाई, तेव्हा त्याचे पूर्ण नाव, बापाच्या नावासह, दगडात कोरले गेले. इंग्रजांना समतेचा उमाळा आला होता म्हणून नाही. पलटणीची हजेरी होती, हजेरीत नाव होते, पगारपत्रकात नाव होते, म्हणून स्तंभावरही आले. कागदावर माणूस म्हणून नोंद असणे याची ताकद किती असते ते पाहा.

सामान्य माणसाचे नाव दगडावर येणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही, हेही लक्षात असू द्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार आहे, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन आहेत, भिक्षुणी आहेत. राजाच्या नावाशेजारी सुताराचे नाव कोरायला बुद्धाच्या संघाला संकोच वाटला नाही. मधल्या शतकांत वीरगळ आले, सतीशिळा आल्या, पण आपल्या बापजाद्यांची अक्षरातली नावे फार थोड्या ठिकाणी सापडतात.

स्तंभाचा अर्थ बदलण्याचे काम त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी सुरू झाले. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचे खूळ काढून महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले आणि त्यात आपल्या लोकांनी कंपनीसाठी कोरेगावसारख्या लढाया लढल्याचा दाखला दिला. म्हणजे बघा, साम्राज्याने स्वतःच्या कौतुकासाठी उभारलेला दगड त्याच साम्राज्यापुढे पुरावा म्हणून ठेवला गेला. तुम्हीच लिहिले आहे ना की ही माणसे शूर होती, मग आता भरती का बंद? याला म्हणतात दगड वाचणे.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी आले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले. इंग्रजांच्या बाजूने लढल्याचे भाबडे कौतुक बाबासाहेबांनी केले नाही, ही गोष्ट तरुणांनी नीट समजून घ्यावी, कारण 'तुम्ही देशद्रोही' हा टोमणा आजही ऐकावा लागतो. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत लंडनमध्ये त्यांनी इंग्रजांनाच हिशेब विचारला. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसात आणि सैन्यात घेत नव्हते, आता घेता का? उत्तर नाही असेच होते. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता, तो स्वातंत्र्यानंतर काढण्यात आला.

वढूचा फलक

नगर रस्ता सोडून कोरेगावहून आत वळले की वढू बुद्रुक लागते. संभाजी महाराजांची समाधी तिथे आहे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारले. त्यांच्या देहाचे तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महार यांनी केले, अशी परंपरा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. गावातल्या मराठा कुटुंबांची परंपरा हे श्रेय स्वतःच्या पूर्वजांना देते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळांची माहिती देणाऱ्या एका फलकावरून तणाव झाला, फलक उखडला गेला, समाधीची मोडतोड झाली, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला. त्यानंतर तीन दिवसांत, १ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या द्विशताब्दीला मानवंदना द्यायला निघालेल्या लोकांवर कोरेगाव-सणसवाडी परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्या हिंसेत एक तरुण प्राणाला मुकला. फेब्रुवारीत निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला.

एक पत्र्याचा फलक. दोन फूट बाय तीन फूट म्हणा. त्याला कोणी का घाबरावे?

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात टॅलाहाची नदीच्या काठी असाच एक फलक आहे. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी ठार केले आणि त्याचे प्रेत नदीत टाकले. ते जिथे सापडले तिथे २००८ मध्ये फलक लावला. तो चोरीला गेला. दुसरा लावला, त्यावर गोळ्या झाडल्या. तिसऱ्यावरही झाडल्या. शेवटी २०१९ मध्ये गोळी आरपार जाणार नाही असा जाड पोलादी फलक उभारावा लागला. मृत मुलाच्या फलकावर गोळ्या घालणाऱ्याला त्या मुलाशी काय देणेघेणे? त्याला भीती वाटते ती रस्त्याने जाणाऱ्याने वाचण्याची. फलक लागला की गावाच्या वाटेवर आपण ज्या गोष्टी न बोलता चालवतो त्या बोलाव्या लागतात.

आम्ही मुलांना हेही सांगितले की टिलच्या फलकामागे खटल्याची कागदपत्रे होती, साक्षी होत्या. त्याच देशातल्या माँटगोमेरी शहरात २०१८ मध्ये जमावाने मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे स्मारक उभे राहिले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी वर्तमानपत्रे आणि दप्तरे चाळून एकेक नाव पक्के केले होते. आपल्याकडे परंपरा आहे, जिव्हाळा आहे, कागद मात्र कमी पडतो. परंपरेला परंपरा म्हणून सांगावे, ताठ मानेने सांगावे, आणि जोडीला कागद शोधत राहावे. वढूच्या बाबतीत आमचे तरी हेच मत आहे. कोणी ते मिळमिळीत म्हणेल. म्हणू दे.

जिथे दगडच नाही

नगर रस्त्यावरून दक्षिणेला, न्हावरा-केडगाव-चौफुला रस्त्याने आपण दौंडकडे उतरतो. न्हावऱ्याच्या पूर्वेला, घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव निघाले. मुलांना सर्वांत भिडले ते घरांच्या मांडणीचे तपशील. मधोमध धान्यकोठार असलेले मोठे घर, बहुधा गावप्रमुखाचे, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला. एकाने लगेच म्हटले, "बघा, तेव्हापासून आपली वस्ती गावाबाहेर." तसे म्हणता येत नाही. उंच-नीच दिसते, जात दिसत नाही. आपल्या सोयीचा निष्कर्ष पटकन काढण्याचा मोह आपल्याही लोकांना होतो, आणि तो मोडायला अशी जागा चांगली.

पुढे केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मरणाऱ्या मुलींना आणि विधवांना इथे आणले, शिकवले, छापखाना चालवायला लावला. ५ एप्रिल १९२२ ला त्या इथेच वारल्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुण्यात गदारोळ उठला तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून त्यांची बाजू घेतली होती. धर्मांतराचा इतिहास शिकणाऱ्या बौद्ध तरुणांनी हे स्थळ वगळू नये. वेळ कमी होता म्हणून आम्ही तिथे धावतच जाऊन आलो, पुन्हा जायचे आहे.

आणि मग दौंड जंक्शन. दोन्ही तालुक्यांत मिळून आम्हाला सर्वांत जास्त बोलणारी जागा हीच वाटली, आणि इथे आम्ही ज्यांना शोधत होतो त्यांच्या नावाचा एकही दगड आम्हाला दिसला नाही.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याचे मातीकाम १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून काढले होते. काम करणाऱ्यांची मजुरी जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने कमी केली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी कामावर जायला नकार दिला, इतकी ही मजुरी अन्यायाची होती. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र आणि बालाश्रम चालवला.

त्या भरावावर कोणी माती टाकली? महार, मांग, रामोशी, कुणबी, ज्याची चूल विझली तो प्रत्येक जण. त्यांच्यातली किती माणसे कामावर मेली, त्यांची नावे काय, हे स्टेशनवर कुठे लिहिलेले आढळले नाही. कोरेगावच्या शिपायाचे नाव हजेरीत होते म्हणून उरले. भराव घालणाऱ्याची हजेरी डोक्यांच्या मोजणीची होती. त्याच्या भरावावरून आजही रोज गाड्या जातात. आमच्या मुलांपैकी निम्मे त्याच मार्गाच्या गाडीने नगरला परीक्षा द्यायला जातात.

फलाटावर बसून यावर बराच वेळ वाद झाला. जयस्तंभावर २२ नावे आहेत म्हणून आपण दरवर्षी लाखोंनी तिथे जातो, आणि ते योग्यच आहे. पण आपला इतिहास फक्त तलवारीचा आणि बंदुकीचा धरला तर आपल्या आज्या-पणज्या त्यात कुठेच येत नाहीत. हा मुद्दा मुलींनी काढला. मुलांकडे उत्तर नव्हते.

कागद कुठे मिळतो

ज्यांना आपल्या गावात असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तहसील कार्यालयात जुनी कोतवाल बुके असतात, त्यांत गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह आहेत. जातीच्या दाखल्यासाठी आपण ती काढतोच, इतिहासासाठीही काढावी. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचायला येऊ लागते, आमच्या अभ्यासिकेतल्या दोन मुलींना आली. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे. महारवतनाच्या जमिनींचे कागद महसूल खात्यात आहेत. १९५८ च्या कायद्याने हलकी गावकामगार वतने रद्द झाली, पण त्या जमिनींवर आजही वतनाची खूण आहे. वतनाबरोबर गावशिवेची राखणही महाराकडे होती. शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष मोलाची मानत. शिवेचा दगड कुठे आहे हे ज्याला पक्के माहीत, त्याच्या स्वतःच्या नावाचा दगड नाही, असा हा प्रकार.

फलक लावायचा तर रस्त्याच्या हद्दीत परस्पर लावू नका. सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा महामार्ग असेल तर त्या यंत्रणेची परवानगी लागते, आणि १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवायला कोणीतरी टपलेलेच असते. ग्रामसभेत ठराव मांडा, तो नोंदवून घ्या, फेटाळला तरी नोंदवून घ्या. तोवर विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात लावता येतो. मजकूर लहान ठेवा आणि प्रत्येक वाक्याला आधार काय ते वहीत लिहून ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकांसारखे करू नका, तिथे स्मारकाची माहिती चार ओळी आणि दंडाची माहिती दहा ओळी असते.

तो फ्लेक्स मुलांनी स्वतःच उतरवला. नव्या मजकुरासाठी विषय शोधताना वस्तीतल्या एका आजीकडे बसलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही तिला कोरेगावविषयी, वतनाविषयी विचारत होतो. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "ते तुमी पुस्तकात बघा. ह्यो रस्ता हाय ना, जिथं तुमी फलक लावनार, त्याची खडी म्या फोडलीय."

१९७२ चा दुष्काळ. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, सगळीकडे दुष्काळी कामे निघाली होती, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. वस्तीतल्या बाया पहाटे भाकरी बांधून निघत. भाकरी म्हणजे लाल मिलोची, तीही मिळाली तर. कामावर सुकडी मिळे. आजीने हात पुढे केला. डाव्या हाताचे अंगठ्याजवळचे बोट वाकडे आहे, हातोडी बसली होती. मुकादम हजेरी कशी कापायचा, ब्रास भरताना माप कसे मारायचा, आमच्या बायांना पाण्याचा माठ वेगळा कसा ठेवला होता आणि एक दिवस सगळ्याजणी काम टाकून कशा बसल्या आणि माठ एक कसा झाला, हे तिने दोन तास सांगितले. मुलांनी रेकॉर्ड केले.

मग तिने बोटांवर नावे मोजायला सुरुवात केली. त्या रस्त्यावर वस्तीतल्या कोणकोण होत्या. चौदा नावे झाली. चार जणी हयात आहेत, त्यातल्या एकीचे माहेरचे नाव काय होते यावरून आजीचे आणि शेजारच्या काकूंचे भांडण लागले. ते मिटवायला मुले पुढच्या सोमवारी तहसीलमध्ये जाणार आहेत. ग्रामसभेच्या ठरावाचा अर्ज लिहून तयार आहे, नावांची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे.